तीन ताऱ्यांचं हेल्मेट: जनरलचं खरं, की रंगाऱ्याचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" आणि मागून वाजलेला कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज काढून टाकलाय. बाकी जवळपास जसंच्या तसं.

१८ जून १९४५. जपानचं ओकिनावा बेट. अमेरिकेच्या दहाव्या आर्मीचे प्रमुख, लेफ्टनंट जनरल सायमन बोलिव्हर बकनर, अगदी पुढच्या चौकीवर लढाई बघायला गेले होते. डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटवर समोर तीन तारे. लेफ्टनंट जनरलचे तीन. तेवढ्यात जवळच्या दुसऱ्या एका चौकीवरून निरोप आला, की जनरलसाहेबांच्या हेल्मेटवरचे तारे आम्हाला इथून स्वच्छ दिसतायत. आता आपल्या माणसांना दिसतायत म्हणजे समोरच्या जपान्यांनाही दिसणारच. बकनरनी ते हेल्मेट काढलं आणि बिनखुणेचं साधं हेल्मेट घातलं. थोड्याच वेळात जपानी तोफेचा गोळा शेजारच्या पोवळ्याच्या खडकावर आदळला, तुकडे त्यांच्या छातीत घुसले आणि त्यातच ते गेले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या माऱ्यात मेलेला सगळ्यात वरच्या हुद्द्याचा अमेरिकी अधिकारी तो हाच.

आता मला सांगा, यातलं "जनरल बकनरचं हेल्मेट" कोणतं? ताऱ्यांचं, जे त्यांनी काढून ठेवलं? की बिनताऱ्यांचं, जे मरताना डोक्यावर होतं? एकावर तारे आहेत म्हणून ते ओळखू येईल. दुसरं मात्र तिथल्या हजारो शिपायांच्या हेल्मेटसारखंच दिसेल. जगभर जुनी लष्करी हेल्मेटं जमवणारी बरीच मंडळी आहेत. त्यांना इंग्रजीत कलेक्टर म्हणतात, पण आपल्याकडे कलेक्टर म्हटलं की लाल दिव्याची गाडी आठवते, म्हणून मी संग्राहक म्हणतो. या संग्राहकांच्या दुनियेतलं सगळं भांडण, सगळा पैसा आणि सगळी फसवणूक याच प्रश्नाभोवती फिरते. लोखंड तेच असतं. त्याखाली कोणाचं डोकं होतं, ते कशावरून सांगणार?

हा प्रश्न पूर्वी एवढा अवघड नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मन सैन्य जी टोकदार टोपी घालून निघालं, ती फोटोत तुम्ही नक्की पाहिली असेल. डोक्यावर भाल्यासारखं टोक. तिचं नाव पिकेलहाउबे. दिसायला धातूची वाटते, पण साधारण असायची कातड्याची. प्रशियाच्या सैन्यात ती १८४२ पासून होती. अधिकारी आपली टोपी स्वतःच्या पैशाने, चांगल्या कारागिराकडून करून घ्यायचे. आणि जनरलची टोपी घडणीतच वेगळी. समोरची झापड चौकोनी, टोकाखालची बैठक क्रॉसच्या आकाराची, समोरचा गरुड वेगळा, समारंभाला वर पिसांचा तुरा. म्हणजे हुद्दा टोपीच्या अंगातच होता. संग्राहकाला फक्त बघता यायला हवं.

पण खंदकांच्या लढाईत वरून तोफगोळ्यांचे तुकडे पडायला लागले तेव्हा कातडं काय कामाचं? १९१५ मध्ये फ्रेंचांनी एड्रियन हेल्मेट आणलं, त्याच वर्षी ब्रिटिशांनी ब्रोडी हेल्मेट आणलं, तेच ते उलट्या थाळीसारखं. १९१६ मध्ये जर्मनांचं पोलादी श्टालहेल्म आलं. कारखान्यात साच्यावर ठोकून लाखांनी काढायचं, वाटायचं. शिपायाला तेच, जनरललाही तेच. पोलादाने डोकं वाचवलं, पण टोपीवरचा हुद्दा पुसून टाकला.

जाता जाता एक गंमत. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये विजय-कर्जाच्या प्रचारासाठी जप्त केलेल्या हजारो जर्मन हेल्मेटांचा चक्क एक मनोरा रचला होता. कर्जरोख्यांच्या विक्रीत अशी हेल्मेटं बक्षीस म्हणूनही दिली गेली. त्यामुळे अमेरिकेत एखाद्या घरात पिकेलहाउबे निघाली, तर आजोबांनी ती जर्मनाच्या डोक्यावरून हिसकावली असेलच असं नाही. ती कर्जरोख्यावरची स्कीमही असू शकते. घरच्यांची गोष्ट मात्र बहुतेक वेळा लढाईचीच असते.

दुसऱ्या महायुद्धात या गोष्टीचं टोक गाठलं गेलं ते अमेरिकेच्या एम-१ हेल्मेटमुळे. १९४१ मध्ये ते स्वीकारलं गेलं आणि युद्ध संपेपर्यंत २ कोटींहून जास्त नग निघाले. दोन कंपन्या पोलादी कवच बनवायच्या, डेट्रॉइटची मॅकॉर्ड आणि सेंट लुईसची श्ल्यूटर. आत एक वेगळं हलकं टोपरं बसायचं, त्याला लायनर म्हणतात. धोका नसलेल्या जागी बरेच अधिकारी नुसतं लायनर घालून फिरायचे. कोणत्या शिपायाला कोणतं हेल्मेट दिलं याची नोंदवही नव्हती. कवचाच्या आत समोरच्या काठाशी एक नंबर ठोकलेला असतो, पण तो पोलादाच्या घाणीचा, म्हणजे बॅचचा नंबर. माणसाचा नाही. शिपाई कधी कधी आत आडनावाचं पहिलं अक्षर आणि सेवा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायचे, तेवढाच काय तो धागा.

मग जनरलचं हेल्मेट जनरलचं कशाने होतं? ताऱ्यांनी. एक तारा ब्रिगेडिअर जनरल, दोन मेजर जनरल, तीन लेफ्टनंट जनरल, चार पूर्ण जनरल. कोणी रंगवायचे, कोणी धातूचे तारे जोडून घ्यायचे. आणि इथेच सगळा घोळ आहे, कारण पांढऱ्या रंगाचा डबा आणि ताऱ्याचा ठसा आजही कोणालाही मिळतो. साधं एम-१ अजूनही बऱ्यापैकी उपलब्ध आहे, हौशी माणसाला परवडतं. त्यावर दोन तारे आले आणि सोबत एखाद्या प्रसिद्ध जनरलचं नाव आलं की भाव कैक पटींनी चढतो. मधला खर्च काय? दुपारभराचं काम.

अजून एक गोष्ट बनावट माल करणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. मोठे सेनापती हेल्मेट घालायचेच कमी. डोळ्यांसमोर आणून बघा. मॅकआर्थर म्हटलं की कॅप आणि पाइप. माँटगोमेरी म्हटलं की बेरे. रोमेल म्हटलं की कॅपवर चढवलेला गॉगल. आपल्या सैनिकांनी लांबून ओळखावं अशी त्यांची इच्छा असायची, त्यामुळे टोपी म्हणजे त्यांचा चक्क ब्रँड होता. याला मोठा अपवाद पॅटन. १९४३ च्या मार्चमध्ये ट्युनिशियात त्यांनी अमेरिकेच्या दुसऱ्या कोअरचा ताबा घेतला आणि हेल्मेट सक्तीचं केलं. न घालणाऱ्याला दंड. स्वतःचं हेल्मेट चकचकीत पॉलिश केलेलं, समोर तारे. १९७० साली 'पॅटन' सिनेमा आला. त्याच्या सुरुवातीच्या प्रसंगात नट जॉर्ज सी. स्कॉट भल्यामोठ्या झेंड्यासमोर चार ताऱ्यांचं हेल्मेट घालून भाषण करतो. तो फोटो इतका डोक्यात बसला की लोकांना पॅटन म्हणजे चार तारेच वाटतात. प्रत्यक्षात ज्या भाषणांवरून तो प्रसंग घेतलाय ती १९४४ ची, आणि तेव्हा पॅटन तीन ताऱ्यांचे होते. चौथा तारा मिळाला एप्रिल १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपायला महिनासुद्धा उरला नव्हता. त्यामुळे कोणी "पॅटननी १९४४ मध्ये फ्रान्समध्ये घातलेलं चार ताऱ्यांचं हेल्मेट" विकायला आणलं, तर तुम्हाला ना भिंग लागणार ना लॅब. बढतीची तारीख पुरे.

माझ्या मते या छंदातली खरी मजा या तारखांत आहे. हेल्मेट हातात न घेता, मोबाइलवरच्या चार फोटोंवरून अर्ध्या खोट्या गोष्टी पाडता येतात. एम-१ च्या काठाला धातूची पट्टी असते, तिची दोन टोकं जिथे जुळतात तो सांधा आधी समोर असायचा. १९४४ च्या शेवटाकडे तो मागे गेला. हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या आधी कवचाला घट्ट जोडलेल्या होत्या, आपटल्या की तुटायच्या. म्हणून १९४३ पासून हलणाऱ्या कड्या आल्या. पट्ट्याचं कापडही आधी फिकट खाकी, नंतर गडद हिरवं. आता समजा कोणी म्हणतं, हे हेल्मेट ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एका जनरलच्या डोक्यावर होतं. तुम्ही फोटो मोठा करून बघता, तर सांधा मागे. विषय संपला. विकणाऱ्याचे आजोबा कितीही खरं बोलणारे असू देत, ते कवच त्या दिवशी बनलेलंच नव्हतं.

पण याचं उलट खरं नाही बरं का. सांधा समोर निघाला म्हणून तारे खरे ठरत नाहीत. बनावट करणारेही हे सगळं वाचतात. ते जुनं, खरं, १९४३ चं कवच घेतात आणि त्यावर तारे काढतात. युद्धानंतर हीच हेल्मेटं बेल्जियम, नेदरलँड्स अशा देशांच्या सैन्यांनी वापरली, आणि ती सैन्यातून बाहेर पडल्यावर भंगारच्या भावात बाजारात आली. कच्च्या मालाला तोटा नाही.

मग रंगाकडे वळायचं. इथे साधं घरगुती तर्कशास्त्र कामाला येतं. आपल्या स्वयंपाकघरातला जुना डबा बघा, झिजतो कुठे? जिथे हात लागतो, जिथे तो टेकतो. हेल्मेटही तसंच. काठ झिजतो, माथा झिजतो, कारण ते जीपमध्ये भिरकावलं जातं, जमिनीवर ठेवलं जातं, कोणी त्यावर बसतंही. तारा जर त्या काळापासून तिथे असेल तर तोही सोबत झिजायला हवा. एखादा ओरखडा हेल्मेटच्या हिरव्या रंगातून जातो आणि ताऱ्यापाशी येऊन थांबतो, ताऱ्याच्या पलीकडे पुन्हा सुरू होतो? म्हणजे आधी ओरखडा, मग तारा. गंजावर पांढरा रंग बसलाय? तेच. अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्चही संग्राहक वापरतात, कारण हल्लीच्या बऱ्याच धाग्यांत आणि रंगांत असलेली रसायनं त्या प्रकाशात निळसर चमकतात. चमकलं तर शंका घ्या. चमकलं नाही, तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हा दुसरा भाग विकणारे सांगत नाहीत.

जर्मन हेल्मेटांत हा खेळ आणखी कठीण. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जनरलच्या हेल्मेटवर हुद्दा नसायचाच, तो कॉलरवर आणि खांद्यावर. हेल्मेटच्या आत कारखान्याची अक्षरं आणि मापाचा आकडा ठोकलेला असतो, त्यावरून कारखाना कळतो, मालक नाही. मालक कळतो तो आतल्या कातड्यावर शाईने लिहिलेल्या नावावरून. आणि शाईचं पेन... जाऊ दे, तुम्हाला कळलं असेल.

मग पक्का पुरावा असतो तरी कसा? माझं आवडतं उदाहरण चर्चिल. १९१५ च्या शेवटी मंत्रिपद सोडून ते लढायला फ्रान्समध्ये गेले. जनरल नव्हते, पण माणूस मोठा. तिथे त्यांना फ्रेंचांचं एड्रियन हेल्मेट भेट मिळालं. फ्रेंच जनरल फायोल यांच्यासोबत ते हेल्मेट घातलेला त्यांचा डिसेंबर १९१५ चा फोटो आहे. १९१६ मध्ये चित्रकार जॉन लेव्हरीने काढलेल्या त्यांच्या चित्रातही फ्रेंच हेल्मेटच आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या डोक्यावर फ्रेंच हेल्मेट का, याचं कारण, काळ, साक्षीदार, सगळं त्याच वेळचं. नंतर कोणाला तरी आठवलेलं नाही.

फोटो असला की मग बोट ठेवून जुळवणी करायची. अमेरिकी सैन्याच्या छायाचित्रकारांनी काढलेले हजारो फोटो त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यातले पुष्कळ ऑनलाइन फुकट बघायला मिळतात. फोटोत जनरल आहे आणि त्याच्या हेल्मेटवर तारे आहेत, एवढ्याने भागत नाही. डावा तारा किंचित कललाय का? रंगाचा ओघळ कुठे आलाय? काठावरचा पोचा त्याच जागी आहे का? जाळी घातली असेल तर तिची गाठ कुठे पडलीये? अशा पाच-सहा गोष्टी जुळल्या तर बोलता येतं. त्यातही एका जनरलकडे एकच हेल्मेट असेल असं धरून चालू नका. दोन वेगळी हेल्मेटं दोन्ही खरी असू शकतात, म्हणून विकणारा दुसऱ्या फोटोकडे बोट दाखवून "ते दुसरं होतं हो" म्हणतो. म्हणू दे. त्याच्या हेल्मेटचा फोटो त्याने दाखवायचा.

कागदही लागतात. युद्धातून वस्तू घरी पाठवताना अमेरिकी सैनिकाला अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र लागायचं, असा कागद सोबत असेल तर मोल आहे. मृत्यूनंतर घरच्यांकडे आलेल्या सामानाची यादी, संग्रहालयाला दिल्याची पावती, हेही चालतं. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं सोनेरी शिक्क्याचं "अस्सलतेचं प्रमाणपत्र" मात्र फ्रेम करून लावायच्या लायकीचं. मुरलेले संग्राहक नवख्याला एकच सांगतात, वस्तूचे पैसे दे, गोष्टीचे देऊ नकोस. मी याच्या थोडा पुढे जातो. गोष्टीचे पैसे द्यावेत, पण गोष्टीला कागद असेल तर. शेवटी गोष्ट नसेल तर ते एक-सव्वा किलो लोखंड आहे.

तुम्ही म्हणाल, श्रीमंतांची हौस आहे, फसले तर फसले, आपल्याला काय? मला नाही तसं वाटत. बनावट हेल्मेट एकदा लिलावातून गेलं की त्याचा फोटो कॅटलॉगमध्ये छापला जातो, तिथून पुस्तकात जातो, आणि पुढच्या बनावट हेल्मेटसाठी "संदर्भ" बनतो. अमुक जनरल असे तारे रंगवायचा, हे आपण खोट्या वस्तूवरून शिकायला लागतो. दुसरं यापेक्षा वाईट. युरोपात रणांगणं खणून हेल्मेटं काढणारे चोर आहेत. जमिनीत हेल्मेट असतं तिथे पुष्कळदा माणूसही असतो. हेल्मेटबरोबर त्याची ओळखपट्टी उचलली की तो माणूस कायमचा बेनामी झाला. जर्मनीची संस्था आजही असे सांगाडे शोधून नावासकट दफन करते, आणि ते नाव त्या पट्टीवरच असतं. मातीतून "ताजं निघालेलं" हेल्मेट मी फुकट दिलं तरी घेणार नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण हा प्रश्न मला हमखास विचारला जातो: भारतीय अधिकाऱ्यांची हेल्मेटं कुठे आहेत? दुसऱ्या महायुद्धात आपले अधिकारी फार वरच्या हुद्द्यावर जाऊ दिले नव्हते, हे पहिलं कारण. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगावला जी भयंकर लढाई झाली, तिथल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, सेन आणि आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. तिघांनाही डीएसओ मिळालं, तिघेही पुढे जनरल झाले, पण तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते. दुसरं कारण, ब्रह्मदेशातल्या जंगलात पोलादी हेल्मेटपेक्षा एका बाजूने काठ दुमडलेली फेल्टची हॅट जास्त दिसते. खुद्द जनरल स्लिम फोटोत तशाच हॅटमध्ये असतात. आणि शीख सैनिकांनी तर पगडी सोडून हेल्मेट घालायला साफ नकार दिला होता. तेव्हा उद्या कोणी "थोरातसाहेबांचं कांगावचं हेल्मेट" म्हणून काही आणलं, तर पहिल्यांदा काठाच्या आतल्या बाजूला बघा. ब्रिटिश पद्धतीच्या हेल्मेटांवर तिथे कारखान्याची अक्षरं आणि साल ठोकलेलं असतं. १९४५ नंतरचं साल निघालं तर नमस्कार करा आणि चहा पिऊन या.

कायद्याचंही थोडं. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावशेषात येऊ शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या वस्तूंनी शंभरी ओलांडलीये, हे ध्यानात ठेवा. तिकडे जर्मनीत नाझी चिन्हं उघड दाखवायला बंदी आहे, म्हणून तिथल्या विक्रेत्यांच्या फोटोत हेल्मेटवरचं स्वस्तिक झाकलेलं दिसतं. झाकलेल्या भागाचा फोटो बघितल्याशिवाय डेकल खरा की खोटा ते कळत नाही, म्हणजे तिथे आणखी एक अडचण.

शेवटचं, आणि हे सातारा, कोल्हापूर, नगर, कोकणातल्या मंडळींसाठी खास. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, नावातच मिलिटरी. अशा गावांत घरोघरी पणजोबांच्या ट्रंका आहेत. तुमच्या माळ्यावर हेल्मेट, हॅट, पट्टा काही निघालं तर घासू नका. पीतांबरी नको, तेल नको, नवा रंग तर अजिबात नको. आहे तशा अवस्थेत, दिवसाच्या उजेडात, आतून-बाहेरून फोटो काढा, काठाच्या आतले आकडे जवळून घ्या. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मोबाइलसमोर बसवून विचारा, हे कोणाचं, कुठून आलं, तुम्हाला कोणी सांगितलं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख बोला. हेल्मेट आणखी पन्नास वर्षं टिकेल, आजीचं तसं नाही. ती फाइल दोन ठिकाणी सेव्ह करा, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवायची असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकडे पुसट होतात.

पुढच्या भागात पदकांबद्दल बोलू. त्यांच्या कडेवर नाव कोरलेलं असतं, त्यामुळे तिथली लबाडी जरा वेगळ्या प्रकारची आहे. भेटू मग.